भिंतीत अडकलेला ओलावा : ब्रिटनमधील उष्णतारोधन कार्यक्रमाचे धडे

ऊर्जेची बचत ही ऊर्जेची निर्मितीच होय, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. वाचविलेल्या युनिटसाठी कोळसा जाळावा लागत नाही, वाहिन्या टाकाव्या लागत नाहीत आणि परकीय चलनही खर्ची पडत नाही. म्हणूनच घराघरांतील ऊर्जाबचतीसाठी अनेक देशांनी अनुदानित कार्यक्रम हाती घेतले. मात्र बचतीचे साधन चुकीच्या ठिकाणी किंवा सदोष रीतीने बसविले गेले, तर बचत बाजूलाच राहते आणि घराचे व घरात राहणाऱ्यांच्या आरोग्याचे नुकसान होते. ब्रिटनमधील पोकळ भिंतींच्या उष्णतारोधनाचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. इमारतींच्या ऊर्जाकार्यक्षमतेकडे वळलेल्या भारतालाही त्यातून बरेच शिकण्यासारखे आहे.

पोकळ भिंत म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर बांधल्या गेलेल्या बहुसंख्य घरांच्या बाहेरील भिंती दुहेरी आहेत. बाहेरची विटांची भिंत आणि आतली विटांची अथवा ठोकळ्यांची भिंत यांच्यामध्ये साधारणतः ५० मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक रुंदीची पोकळी ठेवलेली असते. दोन्ही भिंती धातूच्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. या रचनेचा मूळ हेतू उष्णता राखणे हा नव्हता, तर पाऊस अडविणे हा होता. वाऱ्याबरोबर येणारे पाणी बाहेरच्या विटांतून झिरपले, तरी ते पोकळीतच खाली उतरावे आणि आतली भिंत कोरडी राहावी, अशी ही योजना होती. पोकळी म्हणजे वाया गेलेली जागा नसून तो घराचा एक कार्यरत भाग आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचे दर भडकले आणि या पोकळीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बाहेरच्या भिंतीला ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांतून खनिज लोकर, पॉलिस्टायरीनचे मणी किंवा फेस दाबाने भरला, तर भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता बरीच कमी होते. न भरलेल्या पोकळ भिंतीतून प्रत्येक चौरस मीटरमागे आणि तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे १.५ वॉट उष्णता बाहेर जाते. भरण योग्य रीतीने केल्यास हे प्रमाण ०.५ वॉटच्या आसपास येते. काम एका दिवसात पूर्ण होते, घर रिकामे करावे लागत नाही आणि खर्चही माफक असतो. त्यामुळे कार्बन उत्सर्जन कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग समजला गेला.

कार्यक्रमाची रचना

२००२ पासून ब्रिटनमध्ये वीज व वायू पुरवठादारांवर ऊर्जाबचतीचे बंधन घालण्यात आले. ऊर्जाकार्यक्षमता बांधिलकीचे दोन टप्पे २००२ ते २००८ या काळात पार पडले. २००८ ते २०१२ या काळात कार्बन उत्सर्जन कपातीचे लक्ष्य आणि २०१३ पासून ऊर्जा कंपनी दायित्व योजना अशी पुढील मालिका आहे. पुरवठादारांनी ठरलेल्या प्रमाणात घरांमध्ये सुधारणा घडवून आणावयाची, त्याचा खर्च सर्व ग्राहकांच्या देयकांतून वसूल व्हावयाचा आणि लक्ष्य गाठले न गेल्यास दंड भरावयाचा, अशी ही व्यवस्था होती.

आकड्यांच्या दृष्टीने कार्यक्रम यशस्वी ठरला. ग्रेट ब्रिटनमधील पोकळ भिंतींच्या घरांपैकी सुमारे ७० टक्के घरांच्या भिंती आज भरलेल्या आहेत. त्यांपैकी बहुसंख्य घरांत हे काम समाधानकारक ठरले आणि कुटुंबांच्या इंधनखर्चात बचत झाली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु उरलेल्या घरांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. उत्तर आयर्लंडमध्ये सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेच्या घरांची पाहणी करण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार, तपासलेल्या घरांपैकी सुमारे ६३ टक्के घरांतील भरण विहित मानकांनुसार नव्हते. मानकांत न बसणारे प्रत्येक घर ओले झाले असे नव्हे, तरी कामाच्या दर्जाविषयी हा आकडा पुरेसा बोलका आहे.

दोष कसा उद्भवतो?

सदोष भरणाची कारणे मुख्यतः चार आहेत.

पहिले कारण जागेची अयोग्य निवड. ब्रिटिश मानकांनुसार वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसाच्या माऱ्यावरून देशाचे चार विभाग पडतात : सुरक्षित, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र. एका पावसाळी कालखंडात भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३३ लिटरपेक्षा कमी पाणी आदळत असेल, तर तो विभाग सुरक्षित आणि १०० लिटर किंवा अधिक आदळत असेल, तर अतितीव्र समजला जातो. वेल्सचा पश्चिम भाग, कॉर्नवॉल आणि स्कॉटलंडचा पश्चिम किनारा येथे पावसाचा मारा मोठा असतो. अशा ठिकाणी पोकळी पूर्ण भरली, तर पाण्याला आतल्या भिंतीपर्यंत पोहोचण्यासाठी पूलच बांधून दिल्यासारखे होते.

दुसरे कारण भिंतीची मूळ अवस्था. विटांमधील दरजा झिजलेल्या असणे, गिलाव्याला तडे असणे, पन्हळी गळत असणे किंवा बांधकामाच्या वेळी पडलेला चुना-वाळूचा राडा पोकळीत साठलेला असणे, यांपैकी काहीही असेल, तर प्रथम दुरुस्ती करणे आवश्यक असते. ती न करताच भरण केले गेले, तर पूर्वी पोकळीत निथळून जाणारे पाणी तेथेच अडकून राहते.

तिसरे कारण कामातील उणिवा. भोके विरळ पाडली वा दाब कमी ठेवला, तर भरणात रिकाम्या जागा राहतात. त्या जागी आतली भिंत थंड राहते. मग घरातील दमट हवेतील बाष्प नेमके तेथेच गोठून पाणी होते आणि बुरशी धरते.

चौथे कारण हवा खेळती राहण्याकडे झालेले दुर्लक्ष. भरण करताना जमिनीखालील हवेचे झरोके किंवा वायूवर चालणाऱ्या उपकरणांचे वायुमार्ग बुजले, तर प्रश्न ओलाव्यापुरता न राहता थेट जिवावर बेततो.

यामागील भौतिकशास्त्र साधे आहे. उष्णतारोधक पदार्थाची खरी शक्ती त्यात अडकलेल्या स्थिर हवेत असते. पाण्याची उष्णतावहनक्षमता स्थिर हवेच्या सुमारे २४ पट आहे. लोकर भिजली की हवेची जागा पाणी घेते आणि रोधक पदार्थच उष्णता बाहेर नेऊ लागतो. म्हणजे कुटुंबाला ओल सोसावी लागते आणि वाढलेला इंधनखर्चही. धातूचे दुवे सतत ओले राहिल्यास गंजतात आणि भिंतीच्या मजबुतीलाच धोका निर्माण होतो.

निदान आणि दुरुस्तीचा क्रम

अशा घरात दोष दूर करण्याची पद्धत आता बरीचशी निश्चित झाली आहे. तिच्यातील क्रमाला महत्त्व आहे, कारण क्रम चुकला की खर्च दुप्पट होतो.

सर्वप्रथम ओलाव्याचा प्रकार ओळखावा लागतो. जोत्यापासून वर चढणारी आणि साधारणतः एक मीटर उंचीच्या आत थांबणारी ओल जमिनीतून आलेली असते. खिडक्यांच्या कडा, खोलीचे कोपरे व कपाटांच्या मागची जागा येथे हिवाळ्यात दिसणारी काळी बुरशी बहुधा बाष्प गोठल्यामुळे येते. वाऱ्याच्या दिशेच्या भिंतीवर, जमिनीपासून उंचावर, पावसानंतर एक-दोन दिवसांत गडद होणारा डाग मात्र भिंतीतून झिरपणारे पाणी सुचवितो. घरातील नळाची गळती हेही कारण असू शकते. डागांची छायाचित्रे आणि पावसाच्या तारखा यांची काही आठवडे नोंद ठेवल्यास निदान सोपे होते, शिवाय पुढे तक्रारीच्या वेळी ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

दुसरी पायरी बाहेरून तपासणीची. पन्हळी, पाण्याचे नळ, दरजा, गिलावा, खिडक्यांच्या खालच्या पट्ट्या आणि भरणासाठी पाडलेली भोके नीट बुजविली आहेत किंवा नाहीत, हे पाहावे लागते. अनेकदा दोष येथेच सापडतो आणि अल्प खर्चात दूर होतो.

तिसऱ्या पायरीत पोकळीच्या आत डोकावले जाते. दरजेत लहान भोक पाडून त्यातून दुर्बिणीसारखी बारीक कॅमेरानळी सोडली जाते. भरण ओले आहे का, ते खाली बसले आहे का, दुव्यांवर राडा साचला आहे का, हे त्यातून दिसते. हिवाळ्यात घराच्या आतील व बाहेरील तापमानात पुरेसा फरक असताना उष्णताचित्रण केल्यास रिकाम्या राहिलेल्या जागा स्पष्ट होतात. ही तपासणी करणारा तज्ज्ञ स्वतंत्र असणे अत्यावश्यक आहे. भरण काढण्याच्या कामातून ज्याला उत्पन्न मिळणार आहे, त्याने केलेली मोफत तपासणी निःपक्षपाती राहील, असे मानता येत नाही.

चौथी पायरी दाव्याची. काम करणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार, तेथे दाद न मिळाल्यास हमी देणाऱ्या संस्थेकडे अर्ज, त्यानंतर तंटा निवारण आणि अखेरीस न्यायालय, असा हा मार्ग आहे. उद्योगाच्या पुढाकाराने १९९५ मध्ये स्थापन झालेल्या हमी संस्थेमार्फत अशा कामांना २५ वर्षांची हमी देण्यात आली. मात्र घराच्या देखभालीची जबाबदारी मालकावर असते. त्यामुळे ओल भरणामुळे आली की देखभालीअभावी, हाच वादाचा मुख्य मुद्दा ठरतो. काम होण्यापूर्वी भिंतीची अवस्था काय होती याची नोंद ज्या घरांत नसते, तेथे हा वाद सोडविणे कठीण जाते.

पाचवी पायरी प्रत्यक्ष उपायाची. बाहेरची दुरुस्ती पुरेशी नसेल, तर भरण काढावे लागते. भिंतीच्या खालच्या भागातील काही विटा काढून वरून दाबाची हवा सोडली जाते आणि खालून शोषक यंत्राने लोकर किंवा मणी ओढून घेतले जातात. घट्ट झालेला फेस काढणे याहून पुष्कळ अवघड असते. भरण काढल्यावर कॅमेरानळीने पुन्हा तपासणी करणे, गंजलेले दुवे बदलणे आणि भिंत वाळू देणे क्रमप्राप्त आहे. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना, असा वाळण्याचा ढोबळ आडाखा आहे. भिंत वाळण्यापूर्वीच आतून नवा गिलावा केला, तर डाग परत येतात.

शेवटी पोकळी पुन्हा भरावी का, हा निर्णय उरतो. पावसाचा मारा सौम्य असेल आणि भिंत सुस्थितीत असेल, तर पाणी निथळू देणारे मणी भरता येतात. अतितीव्र विभागात पोकळी रिकामीच ठेवून छताचे रोधन वाढविणे आणि हवा खेळती ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अपयशाचे अर्थशास्त्र

उत्तम हेतूने आखलेल्या कार्यक्रमात असे का घडले? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये असममित माहितीच्या बाजारपेठेचे विश्लेषण केले आणि त्याबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. विक्रेत्याला वस्तूचा दर्जा माहीत असतो, ग्राहकाला नसतो. अशा बाजारात निकृष्ट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. भिंतीच्या पोकळीतील भरण ही तर यापुढची अवस्था आहे. काम पूर्ण झाल्यावरही त्याचा दर्जा ग्राहकाला दिसत नाही आणि दोष उघडकीस येईपर्यंत अनेक पावसाळे लोटतात.

त्यात मोबदल्याच्या पद्धतीने भर घातली. पुरवठादारांना बचतीचे श्रेय प्रत्यक्ष मोजणीवरून नव्हे, तर घराच्या प्रकारानुसार आधीच ठरविलेल्या प्रमाणित आकड्यांवरून मिळत असे. भरलेल्या भिंतीची गणना होत होती, कोरड्या राहिलेल्या भिंतीची नव्हे. साहजिकच अयोग्य घर नाकारणाऱ्या प्रामाणिक कंत्राटदाराचे उत्पन्न घटले आणि कोणतेही घर न नाकारणाऱ्याचे वाढले.

एका काल्पनिक उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. भरणाचा खर्च ५०० पौंड, वार्षिक बचत १५० पौंड आणि दोष निघाल्यास काढण्याचा व दुरुस्तीचा खर्च ४,००० पौंड आहे, असे मानू. शंभरातील पाच कामे सदोष निघाली, तर प्रत्येक घरामागे सरासरी २०० पौंडांची भर पडून खरा खर्च ७०० पौंड होतो. तो पाच वर्षांच्या आत वसूल होतो. परंतु पंचवीस कामे सदोष निघाली, तर खरा खर्च १,५०० पौंडांवर जातो आणि तो वसूल होण्यास दहा वर्षे लागतात. तंत्र तेच राहिले, तरी केवळ दर्जाच्या घसरणीने त्याचे अर्थकारण बदलते. शिवाय ही सरासरी आहे. बचत सर्वांमध्ये थोडीथोडी वाटली जाते, तर ४,००० पौंडांचा बोजा एकाच कुटुंबावर पडतो. अनुदानित कार्यक्रमात असे कुटुंब बहुधा वृद्धांचे किंवा अल्प उत्पन्नाचे असते.

या कुटुंबांची ससेहोलपट भरण काढण्यापुरती मर्यादित राहिली नाही. हरल्यास शुल्क नाही, या आश्वासनावर अनेकांनी नुकसानभरपाईचे दावे दाखल केले. असे दावे चालविणारी शेफील्ड येथील एक कायदेविषयक संस्था जानेवारी २०२४ मध्ये कोसळली. त्यानंतर तिच्या अनेक पक्षकारांकडे प्रतिपक्षाच्या खटल्याच्या खर्चाची मागणी होऊ लागली. भिंत ओलीच राहिली आणि वर हजारो पौंडांचे देणे अंगावर आले.

सुधारणेचे प्रयत्न

पीटर बॉनफील्ड यांच्या नेतृत्वाखालील समितीने डिसेंबर २०१६ मध्ये आपला आढावा सादर केला. त्यातून दर्जाचिन्हाची व्यवस्था बळकट करण्यात आली आणि २०१९ मध्ये घरसुधारणेचे नवे मानक प्रसिद्ध झाले. एखादा सुटा उपाय न लादता संपूर्ण घराचा विचार करावा, कामापूर्वी स्वतंत्र मूल्यमापन व्हावे आणि एका समन्वयकाने अखेरपर्यंत जबाबदारी घ्यावी, हे त्याचे सार आहे.

तथापि केवळ कागदावरील मानक पुरेसे ठरत नाही, हेही लवकरच दिसून आले. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, दोन शासकीय योजनांखाली भिंतींना लावलेल्या रोधनाची तपासणी मांडली आहे. बाहेरून लावलेल्या रोधनाच्या ९८ टक्के आणि आतून लावलेल्या रोधनाच्या २९ टक्के कामांत दुरुस्ती आवश्यक ठरावी असे मोठे दोष असल्याचा त्यातील अंदाज आहे. अपुऱ्या कौशल्याचे कामगार, उपकंत्राटांची साखळी, मानकांविषयीचा संभ्रम आणि कमकुवत देखरेख ही कारणे त्यात पुढे आली. तंत्र बदलले, तरी प्रोत्साहनाची रचना तीच राहिली, तर परिणामही तेच होतात.

ऑस्ट्रेलियाचा अनुभवही याला दुजोरा देतो. २००९ मध्ये घाईने सुरू झालेल्या तेथील छतरोधन कार्यक्रमात चार तरुण कामगारांचा मृत्यू झाला, २०१० मध्ये कार्यक्रम गुंडाळावा लागला आणि २०१४ मध्ये चौकशी आयोगाने त्यावर कडक ताशेरे ओढले.

भारताच्या संदर्भात

भारतात पोकळी भरण्याचा असा राष्ट्रव्यापी कार्यक्रम झालेला नाही. आपला प्रश्न प्रामुख्याने घर उबदार ठेवण्याचा नसून थंड ठेवण्याचा आहे. तरीही दिशा तीच आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. इमारतीच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेवर तिने प्रति चौरस मीटर १५ वॉटची मर्यादा सुचविली. २०१९ मध्ये शीतलीकरण कृती आराखडा तयार झाला आणि २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. येत्या काळात भिंती व छपरांचे रोधन हा आपल्याकडेही मोठा व्यवसाय होणार, हे उघड आहे.

एलईडी दिव्यांच्या उजाला योजनेत २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. परंतु दिवा लागतो की नाही हे प्रत्येकाला दिसते आणि बिघडल्यास तो बदलता येतो. भिंतीचे तसे नाही. दिव्यासाठी यशस्वी ठरलेली, संख्येवर आधारलेली पद्धत भिंतीला जशीच्या तशी लावणे धोक्याचे ठरेल. उद्योगांसाठी २०१२ मध्ये सुरू झालेल्या कार्यसिद्धी योजनेत प्रत्यक्ष ऊर्जावापराची स्वतंत्र पडताळणी करून श्रेय देण्यात आले. भिंतींसाठी हाच आदर्श अधिक योग्य आहे.

हवामानाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात जे रोधन निर्धोक आहे, ते कोकण, गोवा, केरळ किंवा मेघालयाच्या पावसात तसे राहीलच असे नाही. कोकणातील जुन्या घरांना खोल पागोळ्या असत आणि पावसाच्या बाजूच्या भिंतींना नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधले जात. भिंतीवर पाणी येऊच द्यायचे नाही, हे त्यामागील शास्त्र होते. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रूढ केलेल्या उभ्या विटांच्या पोकळ बांधणीत सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि आतील हवेमुळे उष्णताही अडते. अशी पोकळी नंतर कोणी भरू पाहिली, तर ब्रिटनचा अनुभव आठवावा लागेल.

या सर्व विवेचनातून पाच सूत्रे निघतात. पर्जन्य व हवामानानुसार कोणत्या भागात कोणते रोधन चालेल, याचे नकाशे आधी तयार व्हावेत. कामापूर्वीची तपासणी कंत्राटदाराकडे न सोपविता स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावी. मोबदल्याचा काही हिस्सा दोन पावसाळे निर्वेध गेल्यानंतरच अदा करावा. हमी निधी शासनाच्या देखरेखीखाली असावा आणि कामापूर्वीच्या भिंतीची नोंद नसल्यास दोष सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर टाकू नये. शेवटी, गवंडी व कारागीर यांच्या प्रशिक्षणाला योजनेच्या खर्चातच स्थान द्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने सदोष उत्पादन व सेवेबाबत दायित्वाची तरतूद केली आहे. परंतु दोष निर्माण होऊ न देणे हे तो सिद्ध करत बसण्यापेक्षा केव्हाही स्वस्त असते.

ऊर्जाबचतीचे उद्दिष्ट या अनुभवाने कमी महत्त्वाचे ठरत नाही. उलट त्याची विश्वासार्हता जपण्याची निकड त्यातून स्पष्ट होते. एका वस्तीतील चार घरे ओली झाली, की शेजारची चाळीस घरे चांगले रोधनही नाकारतात, आणि हे नुकसान कोणत्याही हिशेबात नोंदले जात नाही. म्हणून कार्यक्रमाचे यश किती भिंती भरल्या यावरून न मोजता, किती भिंती पावसाळ्यानंतरही कोरड्या राहिल्या यावरून मोजले जावे.